परमुलखी जावे की राहावे?



एक साधा प्रश्न घेऊन आज मी आपल्यापुढे येत आहे. प्रश्न धम्मग्रंथातला नाही, घरातला आहे. तथापि तो सोडवताना मला धम्माकडेच जावे लागले आणि स्वतःच्या एका जुन्या असत्याकडेही. म्हणून तो या पाक्षिकातच मांडणे मला योग्य वाटते.

गेल्या हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावचे एक गृहस्थ सायंकाळी माझ्या घरी आले. शेतमजुरी करणारा माणूस. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. आता अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली होती. इंटर्नशिप म्हणजे कारखान्यात राहून प्रत्यक्ष काम शिकणे. महिना बारा हजार रुपये विद्यावेतन, राहण्याची सोय ज्याची त्याने करायची. होकार कळवायला आठ दिवस होते. गृहस्थ म्हणाले, "मॅडम, पोरीले पाठवू का नाही? आपल्याले तिकडचं काही मालूम नाही. भाषा नाही, मानूस नाही. अन् हे पोरगी म्हनते, मॅडमच्या बाबांनी मॅडमले जाऊ देलं नाही, तसं तुमी नका करू."

हे शेवटचे वाक्य ऐकून मी गप्प झाले. त्यांना वाटले, मी विचार करत आहे. वस्तुतः मी विचार करत नव्हते, मला लाज वाटत होती. ती का, हे पुढे सांगते.

हा प्रश्न एका मुलीचा नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू केली. पहिल्या फेरीत कंपन्यांकडून ऐंशी हजारांहून अधिक जागा देऊ करण्यात आल्या. प्रत्यक्ष रुजू झाले ते नऊ हजारांच्या आत. न जाण्याची जी कारणे पुढे आली, त्यांत घरापासूनचे अंतर हे एक होते. म्हणजे पत्र हातात असूनही उंबरठ्यावर थांबलेली मुले या देशात हजारोंनी आहेत. ज्यांच्या घरात शिकलेली ही पहिलीच पिढी आहे, त्यांच्या उंबरठ्याची उंची तर जास्तच असते. सुखवस्तू घरातील मुलाचा मामा बेंगळुरूला असतो, मावशी पुण्याला असते. त्याला परमुलूख म्हणजे नातेवाइकाचे घर. आपल्या मुलांना तालुका ओलांडला की परमुलूख लागतो.

मग जावे की राहावे? आपल्यातले काही उत्साही लोक म्हणतील, यात विचारण्यासारखे काय आहे? बाबासाहेब १९१३ साली थेट अमेरिकेला गेले, तुम्ही चेन्नईला भिता? हे उत्तर टाळ्या मिळवणारे आहे, पण ते उत्तर नव्हे. कारण बाबासाहेबांच्याच चरित्रात परमुलखाचे दुसरेही एक पान आहे, आणि ते आपण मुलांना क्वचितच समजावून सांगतो.

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून परत आले आणि शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबियातील शिक्षण पाठीशी, परंतु बडोद्यात राहायला छप्पर मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी लोक आले आणि त्यांना खोली सोडावी लागली. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांकडूनही मिळाला नाही. रात्रीच्या गाडीने मुंबईस परतण्यापूर्वी काही तास त्यांनी कामाठी बागेत घालवले. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात.

म्हणून "बाबासाहेब गेले, तुम्हीही जा" असे म्हणणाऱ्याने बडोदेही सांगितले पाहिजे. परमुलूख विद्या देतो, तसाच अपमानही देतो. जाणाऱ्याला दोन्ही माहीत असले पाहिजेत. अर्धे सत्य सांगून कोणाला गाडीत बसवणे हे शिक्षकाचे काम नव्हे.

या ठिकाणी मला मज्झिम निकायातील पुण्णाची गोष्ट आठवते. पुण्ण हा भिक्खू सुनापरांत प्रदेशात जायला निघाला. हा प्रदेश म्हणजे आपल्या सोपाऱ्याच्या आसपासचा मुलूख, असे अभ्यासक मानतात. त्याच सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरून काढला. तिथले लोक तापट आणि दांडगे, अशी ख्याती होती. तथागतांनी पुण्णाला जाऊ नको असे म्हटले नाही. काही होणार नाही, बिनधास्त जा, असेही म्हटले नाही. त्यांनी प्रश्न विचारले. लोकांनी शिव्या दिल्या तर काय करशील? हात उगारला तर? दगड मारले तर? काठी, शस्त्र, शेवटी जीवच घेतला तर? शेवटचा प्रश्न सोडून प्रत्येक वेळी पुण्ण म्हणाला की याहून वाईट त्यांनी केले नाही म्हणून मी त्यांना भलेच मानीन. तेव्हा तथागतांनी त्याला जाण्याची अनुज्ञा दिली.

ही गोष्ट मी एकदा नववीच्या मुलांना सांगितली. एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, मारणाऱ्याला भला म्हणायचं, तर मग आपण १९२७ ला महाडला कशाला गेलो?" मला त्या मुलाचा अभिमान वाटला. त्याचा प्रश्न बरोबर आहे. पुण्ण भिक्खू होता. त्याला स्वतःच्या चित्तात द्वेष येऊ द्यायचा नव्हता, एवढाच त्याच्या उत्तराचा अर्थ. अन्याय करणारा बरोबर आहे, असा तो अर्थ नाही. गृहस्थाने, नागरिकाने, विशेषतः ज्याच्या पिढ्यांनी मुकाट्याने मार खाल्ला त्याने, या गोष्टीतून सोसणे शिकायचे नाही. मग काय शिकायचे? प्रश्न विचारण्याची रीत शिकायची. भीती एका ढिगाने येते. तथागतांनी तो ढीग सोडवून एकेक भीती वेगळी समोर ठेवली. आणखी एक गोष्ट. अट्ठकथेप्रमाणे पुण्ण मूळचा त्याच मुलखातला. त्याला लोक माहीत होते. आपल्या मुलांना ते माहीत नाहीत. म्हणून त्यांना पुण्णापेक्षा जास्त प्रश्न विचारले पाहिजेत.

त्या गृहस्थांना मी दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन यायला सांगितले. रात्रभर विचार करून पाच प्रश्न वहीत लिहिले. ते आपल्यापुढे ठेवते.

पहिला प्रश्न : इथे मिळणार नाही असे मी तिथे काय शिकणार आहे? हे कागदावर लेखी आले पाहिजे. कोणत्या विभागात, कोणाच्या हाताखाली, कोणत्या यंत्रावर? पुष्कळ ठिकाणी इंटर्न म्हणजे स्वस्तातला मजूर ठरतो. खोकी बांधणे आणि नोंदवह्या भरणे यातच सहा महिने जातात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली किमान विद्यावेतन ठरवून दिलेले असते. प्रत्येक इंटर्नशिपला तो कायदा आपोआप लागू होत नाही. तेव्हा आपण कोणत्या नात्याने जात आहोत, हे विचारायला लाजू नये.

दुसरा प्रश्न : खर्च कोणाच्या पोटातून निघणार? बारा हजारांत खोली, जेवण, प्रवास भागतो का? न भागल्यास घरातले कोण उपाशी राहणार, की सावकाराकडे जाणार? सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी सहा वर्षांचे कर्ज होत असेल, तर तो सौदा वाईट आहे.

तिसरा प्रश्न : अपमान झाला तर सांगणार कोणाला, आणि परतीची वाट मोकळी आहे का? कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे तक्रार समिती असावीच लागते, आणि शिकाऊ मुलीही त्या कायद्याच्या संरक्षणात येतात. ही समिती कुठे बसते, हे रुजू होण्याच्या दिवशीच विचारून ठेवावे. आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे बांधून ठेवावेत. त्यांना हात लावू नये. परतता येते हे ज्याला ठाऊक असते, तो ताठ मानेने राहतो. ज्याला परतता येत नाही, तो वाकतो.

चौथा प्रश्न : मी नसताना घरातले माझे काम कोण करणार? आपल्या घरांत मुलगी म्हणजे केवळ मुलगी नसते. ती आजारी आईची नर्स असते, धाकट्यांची शिक्षिका असते, बँकेचे कागद वाचणारी असते. ती गेली की हे सारे कोणावर तरी पडते. ज्याच्यावर पडणार, त्याला विचारल्याशिवाय घेतलेला निर्णय न्यायाचा नाही.

पाचवा प्रश्न सर्वांत कठीण आहे : मला घर अडवते आहे की भीती? दोघींचे कपडे सारखेच असतात. भीती नेहमी कर्तव्याचे लुगडे नेसून येते. ओळखायचे कसे? मी एक कसोटी सांगते. अशी कल्पना करा की घराची अडचण उद्या सकाळी मिटली. त्या क्षणी मन मोकळे होऊन निघायला तयार होते का? होत असेल, तर अडवणारे खरोखर कर्तव्य होते. पण एक अडचण मिटताच मन दुसरी शोधू लागले, दुसरी मिटली की तिसरी, तर समजावे की ती भीती आहे.

आता मी माझी लाज सांगते.

२०१२ साली मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. बेंगळुरूच्या एका विज्ञानसंस्थेत उन्हाळ्यात दोन महिने प्रयोगशाळेत काम शिकण्यासाठी माझी निवड झाली. मी गेले नाही. मैत्रिणींना, प्राध्यापकांना आणि पुढे माझ्या विद्यार्थ्यांनाही मी सांगत आले की बाबांनी पाठवले नाही. ते असत्य आहे. माझे वडील जिनिंगमध्ये हमाली करत. पत्र आले त्या संध्याकाळी ते म्हणाले, "जाय. पैशाचं मी पाहतो." आईने बचतगटातून कर्जाची चौकशीही केली. मी म्हटले, पेरणी तोंडावर आहे. ते म्हणाले, गडी लावीन. मी म्हटले, ताईचे बाळंतपण आहे. आई म्हणाली, मी आहे ना. मग मी म्हटले, मला जायचेच नाही, आणि रडले. मला इंग्रजी बोलण्याची भीती वाटत होती. कोण्या कोट्यातून आलीस, असे कोणी विचारील याची भीती वाटत होती. ही भीती मी बापाच्या नावावर टाकली. तो अडाणी होता, जुन्या वळणाचा होता, असे लोकांना सहज पटले. बाबा २०१९ साली वारले. आजही गावात म्हणतात, बापाने पोरीला अडवले नसते तर पोरगी मोठी शास्त्रज्ञ झाली असती.

आपण रोज पंचशील घेतो. चौथे शील असत्य न बोलण्याचे आहे. ते मी इतकी वर्षे मोडत होते, आणि त्या असत्याची झळ मृत माणसाला बसत होती. त्या सायंकाळी तेच असत्य एका बापाला घाबरवण्यासाठी वापरले गेलेले मी माझ्या कानांनी ऐकले.

दुसऱ्या दिवशी बापलेक आले तेव्हा मी हे सारे त्यांना सांगितले. मुलगी खाली पाहत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, खरं सांगू? मी बाबांशी भांडत होते, पण मनात वाटत होतं, बाबा नाही म्हणाले तर बरं होईल. मग माझ्यावर येणार नाही."

वाचकहो, माझ्या मते नैतिक प्रश्न इथे आहे. जाणे चांगले की राहणे चांगले, हा खरा प्रश्न नाही. निर्णय आपला असताना तो दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेणे, हे चूक. आईबापाच्या, नवऱ्याच्या, समाजाच्या, नशिबाच्या मागे लपून घेतलेला निर्णय जाण्याचा असो की राहण्याचा, तो माणसाला लहान करतो. नशीब आणि देव यांच्यावर आपले ओझे टाकायचे नाही, असे म्हणून आपण १९५६ मध्ये धम्म स्वीकारला. मग ते ओझे आपण थकलेल्या बापाच्या खांद्यावर कसे टाकतो?

तिने पुढे विचारले, "खोलीमालकाने जात विचारली तर काय सांगू?" हा प्रश्न तुमच्याही मुलांच्या मनात असेल. एक गोष्ट खरी की आपल्याकडे आडनाव उच्चारले की समोरच्याच्या डोळ्यांत हिशेब सुरू होतो. तमिळ मुलखात आपल्या आडनावाचा अर्थ बहुतेकांना लागत नाही. हा अनोळखीपणा पुष्कळांना मोठा दिलासा देतो. तो घ्यावा, त्यात काही गैर नाही. न विचारता आपली जात सांगत फिरण्याचे आपल्यावर बंधन नाही. पण गप्प राहणे वेगळे आणि खोटे नाव सांगणे वेगळे. खोट्या नावाने मिळालेल्या खोलीत झोप लागत नाही. दारावरची प्रत्येक थाप आपल्यासाठीच आहे असे वाटते. बाबासाहेबांना १९१७ साली दुसरे छप्परच नव्हते, त्यांना दोष देण्याची कोणाची छाती आहे? आणि त्यांनी ती हकिगत पुढे आपल्या हाताने लिहून ठेवली. नाव बदलावे लागले हेही लपवले नाही. आज तुझ्या हाती संविधान आहे. भारतात कुठेही फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क एकोणिसाव्या अनुच्छेदात लिहिला आहे. एक दार बंद झाले तर दुसरे ठोठाव, पण नाव बदलू नकोस, असे मी तिला सांगितले.

दिलाशाबरोबर एक धोकाही सांगितला. आपली जात तिथे कोणाला कळत नाही, म्हणून तिथे जात नाही असे समजू नये. ज्यांची आडनावे आणि वस्त्या तिथल्या लोकांना कळतात, ते तिथेही भोगतच आहेत. आपण सुटलो म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवली, तर आपण परमुलखात जाऊन फक्त वरच्या पायरीवर उभे राहायला शिकलो.

आणि तो मुलूख पूर्ण परकाही नाही. १८९८ साली, नागपूरच्या दीक्षेच्या अठ्ठावन्न वर्षे आधी, पंडित अयोथीदास यांनी मद्रासेत शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. त्याच शहरातील विज्ञानाचे प्राध्यापक पी. लक्ष्मी नरसू यांच्या बौद्ध धर्मावरील इंग्रजी ग्रंथाला बाबासाहेबांनी १९४८ साली प्रस्तावना लिहिली. आजही चेन्नईत एग्मोरला महाबोधी संस्थेचे विहार आहे. रविवारी तिथे जाऊन बसणाऱ्या मुलीला भाषा कळणार नाही, पण त्रिशरण पालीतच असेल, ते कळेल.

त्याच आठवड्यात तिच्याच वर्गातील एक मुलगाही माझ्याकडे आला. त्यालाही तिकडचेच पत्र होते. त्याची आई डायलिसिसवर; आठवड्यातून दोनदा तिला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागते, आणि घरात दुसरे कोणी नाही. मी त्याला पाचवा प्रश्न विचारला : उद्या काकांनी आईची जबाबदारी घेतली तर? तो म्हणाला, "आज रात्रीच्या गाडीनं निघीन." त्याच्या आवाजात शंका नव्हती. त्याला अडवणारे कर्तव्य होते. त्याने नकार कळवला आणि बुटीबोरीच्या एका लहान कारखान्यात जागा शोधली. रात्री घरी येता येते. त्याला भित्रा म्हणणारे मित्र त्याला भेटले, याचे मला वाईट वाटते. तो राहिला, पण कोणाच्या मागे लपून राहिला नाही.

मुलीने होकार कळवला. तिच्या पत्रात कामाचा विभाग नव्हता, तो तिने मागवून घेतला. आईच्या जोडीने कापूस वेचण्याचे जे दिवस बुडणार, त्याबद्दल ती आईशी स्वतः बोलली. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले. बल्लारशाहवरून ती गाडीत बसली तेव्हा तिचे वडील म्हणाले, "करमलं नाही त परत ये, पोरी. कोनी काही मननार नाही." माझ्या मते, जाणाऱ्याला देण्यासारखा याहून मोठा आशीर्वाद नाही. ती तिथे यशस्वी होईल की निराश होऊन परतेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. निर्णयाची योग्यता निकालावर ठरत नसते. डोळे उघडे ठेवून आणि कोणाला फसवल्याशिवाय तो घेतला, एवढे मला पुरेसे आहे.

तेव्हा आपल्या वस्तीतील एखाद्या मुलाला असे पत्र आले, तर "काय गरज आहे" असे म्हणू नका, आणि "जा, घाबरतोस काय" असेही म्हणू नका. त्याच्याजवळ बसा. एकेक प्रश्न विचारा. उत्तर त्याला देऊ द्या.

आणि एक विनंती. आमच्या गावचे जे कोणी हे पाक्षिक वाचत असतील, त्यांनी चारचौघांत सांगावे : त्या हमालाने पोरीला अडवले नव्हते. तो जा म्हणाला होता.

जयभीम.